कोर्टासमोरचा लॉज

हे लिहिणारच नव्हतो. तीनदा टाईप केलं आणि तीनदा खोडलं. बोललेलं विरून जातं, लिहिलेलं राहतं, म्हणून बोट थांबत होतं. मी काही लेखक नाही. बारावीत दोनदा गचकलो, पुढचं सगळं बघून बघून शिकलोय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. पण जसं झालं तसंच सांगतो.

"फिर्यादी का आरोपी?"

लॉजच्या काउंटरमागच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं. दुपारचे चार. सोलापूर, एप्रिल महिना. डोक्यावरचा पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. म्हाताऱ्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि पुढ्यात जाडजूड रजिस्टर. येमूल काका त्यांचं नाव, मॅनेजर.

"काय म्हणलात?"

"उद्या तारीख आहे ना? इथं उतरणाऱ्या सगळ्यांची तारीखच असते. कुठल्या बाजूनं आलाय, तेवढं सांगा."

मी मागं वळून बघितलं. बसू बाहेर पायरीवर बसलेला, तोंडाला रुमाल बांधून. बसू म्हणजे बसवराज, पहिलीपासून माझ्या बाकावरचा. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समोरच्या कोर्टात त्याची साक्ष होती. खुनाच्या केसमध्ये.

साक्षीदार आहोत असं मला कुणाला सांगायचं नव्हतं. कुठनं कुणाच्या कानावर जाईल, काय सांगता येतंय? उलटंच सांगावं, असं डोकं चालवलं.

"आरोपी लिहा काका," मी हसत म्हणलो. "तोंडावरनं कळत नाही होय?"

काका हसले नाहीत. त्यांच्या मागं भिंतीवर किल्ल्यांच्या दोन फळ्या होत्या. उजव्या फळीवरची किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढं सरकवली.

"दोनशे सात. दुसरा मजला. गरम पाणी सकाळी सात ते दहा, पॅसेजच्या टोकाला नळ आहे. बादली खोलीतच आहे."

मी किल्ली घेतली. स्वतःवर लई खूश होतो.

केस काय होती ते सांगतो. आमच्या अक्कलकोटकडच्या पट्ट्यात एका साखर कारखान्याबाहेर खासगी वजनकाटा होता. बसू तिथं कॉम्प्युटरवर बसायचा. उसाच्या गाड्यांची रांग लागायची, ज्याचा नंबर येईल त्याची गाडी काट्यावर. काट्याच्या मालकाचा पुतण्या नागेश. त्यानं एक दिवस आपली गाडी मधेच घुसवली. पुढं लक्ष्मण राठोड नावाचा ट्रॅक्टरवाला होता, पहाटेपासून उपाशी थांबलेला. तो खाली उतरला आणि म्हणला, "नंबरनं या की मालक."

एवढंच म्हणला तो. नागेश आणि त्याचा मेहुणा सोम्या, दोघांनी त्याला टामीनं मारलं. टामी म्हणजे चाकाचे नट खोलायची लोखंडी दांडी. बसू केबिनच्या काचेतनं बघत होता, चार हातावरनं. त्यानं मला एकदाच सांगितलं होतं, "पाचव्या फटक्यानंतर आवाज बदलला लगा. आधी कडक येत होता. मग ओला यायला लागला."

रांगेत पंधरावीस ड्रायव्हर होते. जबाब बसू धरून सहा जणांनी दिले. कोर्टात उभं राहायची वेळ आली तसे पाच जण फितूर झाले, आम्हाला काही दिसलं नाही म्हणले. राहिला एकटा बसू. त्याची नोकरी गेली. दाराशी मुंडी पिरगाळलेलं कुत्रं टाकलं कुणीतरी. एकदा मोटरसायकलवर असताना जीप अंगावर घातली, तो रस्त्याकडंच्या चारीत उडी मारून वाचला. नागेश आणि सोम्या जामिनावर बाहेरच होते.

गाव ते सोलापूर चाळीस किलोमीटर. सकाळच्या एसटीनं निघून अकराला पोचता आलं असतं. पण रस्ता नागेशच्या गावातनं जातो. म्हणून आदल्या दिवशी लांबच्या वळणानं जायचं आणि शहरातच राहायचं असं ठरलं.

"लॉज मी बघतो," म्हणलो मी. "ते माझ्यावर सोड."

दोन दिवस मोबाईलवर तेच. स्टेशनजवळचे बघितले, बाजारातले बघितले. मी फक्त एक गोष्ट मोजत होतो, कोर्टाच्या गेटापासून किती पावलं. आणि सापडला. सिद्धलीला लॉज. स्टँडवरनं रिक्षानं पाच मिनिटं, खाली खानावळ, आणि कोर्टाचं गेट बरोबर समोर. "खोल्या स्वच्छ, चहा पाणचट, कोर्टाच्या कामाला एक नंबर सोयीचा," असं कुणीतरी लिहिलेलं. चार स्टार. रस्ता ओलांडला की साक्ष. याच्याहून सोयीचं आणखी काय पाहिजे?

बसूचा थोरला भाऊ शिवानंद. आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. बसूला त्यानंच वाढवलेला. निघायच्या आधी त्याच्या ओसरीवर बसलो होतो.

"कोर्टासमोर?" अण्णा म्हणला. "डोकं फिरलंय का तुमचं? सगळी दुनिया येते तिथं. माझा साडू आहे सोलापुरातच, विडी घरकुल वस्तीत, त्याच्याकडं उतरा. लांब आहे, पण घर आहे."

"अण्णा, तिथनं सकाळी दोन रिक्षा बदलायच्या. रस्त्यात काय झालं म्हणजे?" मी म्हणलो. "हे समोरच्या समोर आहे. शंभर पावलं. मी मोजलेत."

"मोबाईलवर मोजलास होय?"

"मग कशावर मोजू?"

अण्णा माझा नाद सोडून बसूकडं बघायला लागला. "आणि मुळात जायलाच पाहिजे का? पाच जण नाही म्हणले. तुलाच काय पडलंय? लक्ष्मण काय आपला पावणा होता?"

बसू खाली बघत म्हणला, "नंबर त्याचा होता, अण्णा."

अण्णा उठला, आत जाता जाता दारात थांबला. "लॉजचं नाव तरी सांगा. काय इकडंतिकडं झालं तर हुडकायचं कुठं तुम्हाला?"

मी नाव सांगितलं. म्हणजे लॉजचं नाव आम्हा तिघांनाच माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

दोनशे सातला एक खिडकी रस्त्याकडं होती आणि एक पॅसेजकडं, दोन्हीला गज. बसूनं रस्त्याकडची उघडली, समोर कोर्टाचं गेट बघितलं आणि पहिल्यांदा तोंडावरचा रुमाल काढला.

"भारी हुडकलास की बे मल्लू. इथनं थुंकलं तर वकिलाच्या डोक्यावर पडंल."

"उद्या थुंक. साक्ष झाल्यावर."

मग मी त्याची तयारी घेतली. मी नागेशचा वकील झालो, टॉवेल खांद्यावर टाकून.

"काय हो साक्षीदार, केबिनच्या काचेवर धूळ होती की नाही?"

"होती."

"मग दिसलं कसं?"

"काच मीच रोज सकाळी पुसायचो साहेब. पगार त्याचाच होता निम्मा."

हसलो दोघं. बसू पालथा पडून हसत होता. मागच्या दीड वर्षात मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं.

सकाळी पावणेदहा वाजले. हवालदार साडेदहाला गेटावर भेटणार होता. मी काउंटरवरनं इस्त्री मागून आणलेली, बसूचा पांढरा शर्ट कॉटवर पसरून इस्त्री करत होतो. बसू बनियनवर, बादली घेऊन गरम पाण्याला गेला. पॅसेजकडची खिडकी उघडी होती, टोकाच्या नळाखाली तो वाकलेला मला दिसत होता. पाठ माझ्याकडं.

दोनशे तीनचं दार उघडलं आणि नागेश बाहेर आला.

कमरेला टॉवेल, अर्ध्या तोंडाला फेस, अर्धी दाढी झालेली. हातात रिकामा मग. दोन पावलं आला आणि थांबला. त्यानं बसूची पाठ ओळखली. तोंड उघडंच राहिलं त्याचं. बसू तिथं असेल असं त्याच्या स्वप्नातपण नव्हतं, ते मला गजातनं स्पष्ट दिसलं. त्यानं एकदा मागं बघितलं, एकदा पुढं. मग आवाज न करता मग खाली ठेवला आणि उलट्या पावलांनी खोलीत गेला.

मी ओरडायला पाहिजे होतं. नाही ओरडलो. इस्त्री हातात धरून नुसता बघत राहिलो. चार सेकंद असतील, फार तर पाच. तेवढ्यात दोघं बाहेर आले. सोम्यानं दारादारात डोकावत माझ्या खिडकीपाशी येऊन मला बघितलं, दात दाखवले आणि बाहेरनं कडी घातली.

"बसू!" आता ओरडलो. "बसू, मागं!"

उशीर झालेला. नागेशनं मागनं त्याचे केस धरले आणि तोंड नळाच्या तोटीवर आदळलं. पितळी तोटी. एकदा. दोनदा. दुसऱ्यांदा काहीतरी तुटल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. बसूनं आंधळ्यासारखी बादली धरली आणि होती तशी मागं फेकली. वाफाळतं पाणी नागेशच्या गालावर, छातीवर. त्यानं जी किंकाळी फोडली ती अजून ऐकू येते मला. पण सोम्या होता ना. सोम्यानं तीच बादली उचलली, लोखंडी, आणि बसूच्या डोक्यात घातली. बसू खाली. मग दोघं लाथा घालायला लागले.

पोटात नाही. छातीत नाही. तोंडावर.

"बोलणार ना कोर्टात?" नागेश एका हातानं भाजलेला गाल धरून ओरडत होता. "बोल की! बोल आता! आ कर!"

त्यांना जीव नको होता. तोंड पाहिजे होतं.

मी दाराला लाथा घालत होतो. सहाव्या लाथेला वरची बिजागरी निघाली, सातव्याला दार तिरकं झालं. मी तसाच फटीतनं घुसलो, खांद्याचं कातडं सोलून निघालं. इस्त्री माझ्या हातातच होती, वायर मागं लोंबकळत. तापलेली.

सोम्या वळला तशी मी ती त्याच्या कानावर मारली. चर्र झालं. जळक्या केसांचा वास आला. तो कान धरून खाली बसला तर मी परत मारली, टोकाकडनं, खांद्यावर. परत. तो सरपटत जिन्याकडं गेला, मी मागं. जिन्याच्या तोंडाशी त्याच्या छातीवर बसलो आणि इस्त्री टाकून मुठीनं मारायला लागलो. नाक फुटलं त्याचं. दात माझ्या बोटात रुतला. तो "बास की, बास की" म्हणत होता आणि मी थांबत नव्हतो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. त्याला मारून टाकला असता मी.

मागनं कुणीतरी माझी कॉलर ओढली. बसू. उभा राहिलेला, भिंतीला धरून. खालचा जबडा एका बाजूला सरकलेला, बनियन पुढनं पूर्ण लाल. त्यानं मनगटावर बोट टेकवलं, घड्याळ घालतात तिथं. मग दोन्ही हातांनी अकरा दाखवले. दहा बोटं, आणि परत एक.

मी सोम्याच्या छातीवरनं उठलो.

तोपर्यंत पहिल्या मजल्यावरची माणसं धावत आली. नागेश मागच्या जिन्यानं खाली पळालेला, त्याला रस्त्यावर टॉवेलवरच धरला कोर्टातल्या पोलिसांनी. बसू नळाखाली डोकं धरून बसला. येमूल काका वर आले, तुटलेलं दार बघितलं, रक्त बघितलं, आणि मला कोपऱ्यात घेतलं. आवाज एकदम खाली.

"तुम्ही आरोपी म्हणलात ना काल?"

मी मान हलवली.

"पहिला मजला फिर्यादीवाल्यांचा. दुसरा आरोपींचा. जिने वेगळे, किल्ल्यांच्या फळ्या वेगळ्या, जेवायची वेळपण मी वेगळी देतो. बावीस वर्षं झाली, ह्या लॉजात एक काच फुटली नाही. रोज दोन्ही बाजू इथंच उतरतात, सोयीचं पडतं म्हणून. मी ते उगीच विचारतो का रे?" काकांनी दोनशे तीनकडं बोट केलं. "हे लोक पहाटे आले. त्यांनी खरं सांगितलं. आरोपी म्हणाले. मी ह्याच मजल्यावर दिली खोली."

"काका," मी म्हणलो, "हे कुणाला सांगू नका."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. "मला कुणी विचारलं तर खरं सांगेन. नाही विचारलं तर नाही."

त्यांना कुणी विचारलं नाही.

हवालदार म्हणला, आधी सिव्हिल हॉस्पिटल. सरकारी वकील देशमाने मॅडम गेटावर पळत आल्या, बसूला बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "बसवराज, मी पुढची तारीख मागते. साहेब लगेच देतील. तुम्ही जा दवाखान्यात."

बसूनं त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि फाईलच्या पाठीवर लिहिलं, "पुढच्या तारखेला मी नसेन."

मॅडमनी ते वाचलं. परत वाचलं. मग म्हणाल्या, "चला."

शंभर पावलं होती. मोबाईलनं बरोबर मोजलेली. मी त्याला इस्त्री केलेला पांढरा शर्ट घातला, गेटापर्यंत पोचेस्तोवर त्याची कॉलर लाल झाली.

जज्जसाहेबांनी सांगितलं, बोलता येत नसेल तर लिहून द्या, कायद्यानं चालतं. बसूनं मान हलवली. तो बोलला. एकेक शब्द ढकलून बाहेर काढत होता, शिपाई बाजूला स्टीलचा पेला धरून उभा, दर वाक्याला बसू त्यात थुंकायचा. समजलं नाही की साहेब परत विचारायचे आणि तो परत सांगायचा. सव्वा तास. कुणी मारलं म्हणल्यावर त्यानं बोट केलं. पिंजऱ्यात नागेश उभा होता, अर्धी दाढी झालेली, अर्धा गाल फोडांनी भरलेला. शेजारी सोम्या, कानाला कापूस. त्यांच्या वकिलानं उलटतपासात दोनच प्रश्न विचारले आणि खाली बसला.

त्याच दिवशी दोघांचा जामीन गेला. सात महिन्यांनी दोघांना जन्मठेप लागली. इस्त्रीपायी माझ्यावरही केस झाली, बसूला वाचवण्यासाठी केलं म्हणून सुटलो.

इथं गोष्ट संपली असती तर मी कधीच टाईप करून टाकली असती. लोकांना वाचायला आवडली असती.

सिव्हिलला बसूचा जबडा तारेनं बांधला. दीड महिना नळीनं जेवण, बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी त्यानं वहीत लिहून माझ्यापुढं धरलं, "कुणी सांगितलं त्यांना?"

"कुणाला काय?" मी म्हणलो.

त्यानं खाली लिहिलं, "शहरात एवढे लॉज. तोच लॉज. तोच मजला. तुझ्या दाराला कडी. आपल्या तिघांनाच माहीत होतं."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. सोपं होतं. बसू, मी शहाणपणा केला, काउंटरवर आरोपी म्हणलो. नागेशला काही माहीत नव्हतं, त्याचं उघडं राहिलेलं तोंड मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दोन वाक्यं. पण त्याच्या तोंडातल्या त्या तारा बघितल्या आणि माझी जीभ वळेना. आणि गप्प बसलो असतो तरी एक वेळ ठीक. मी काय म्हणलो माहितीय?

"अण्णाला लॉजचं नाव कशाला पाहिजे होतं काय की."

बसूनं वही मिटली.

तारा काढल्या त्या दिवशी तो गावात उतरला तो सरळ चावडीसमोर गेला. सकाळची वेळ, दहाबारा माणसं पेपर वाचत बसलेली, त्यात अण्णा. बसूनं पायातली चप्पल काढली आणि थोरल्या भावाच्या तोंडावर मारली. एकदा नाही, तीनदा. सगळ्यांसमोर. दीड महिन्यानंतर तोंडातनं निघालेलं त्याचं पहिलं वाक्य हे होतं, "विकलास मला."

अण्णानं हात उचलला नाही. पैलवान गडी, मनात आणलं असतं तर बसूला तिथंच उचलून आपटला असता. त्यानं खाली पडलेला चष्मा उचलला, पुसला आणि म्हणला, "मी नाही, बसू." एकदाच म्हणला. परत कधी त्यानं ती सफाई दिली नाही. गावानं मात्र बसूचंच खरं धरलं. अण्णा चावडीवर बसायचा बंद झाला.

सहा वर्षं. एका भिंतीला दोन घरं, आणि दोन भावांत एक शब्द नाही.

आता माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. मागच्या आठवड्यात अण्णाच्या पोरीच्या लग्नाचा मजकूर आला. अण्णानं स्वतःच्या हातानं लिहिलेला. निमंत्रकांत त्याच्या नावाखाली बसूचं नाव होतं. चिरंजीव बसवराज. कुणीतरी ते बसूच्या कानावर घातलं असणार. परवा मंगळवारी दुपारी तो दुकानात आला.

"माझं नाव काढ त्यातनं."

मी स्क्रीनकडं बघत बसलो.

"ऐकू आलं का मल्लू? काढ म्हणलो."

"नाही काढत."

"का बे? दुकान तुझं म्हणून मालक झालास काय?"

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि सांगितलं. काउंटरवर काय म्हणलो ते. किल्ल्यांच्या दोन फळ्या, पहिला मजला, दुसरा मजला. नागेशचं उघडं तोंड. काकांना काय म्हणलो ते. वहीतल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते. काही ठेवलं नाही.

बसूनं सगळं ऐकून घेतलं. त्याचा जबडा अजून डावीकडं नीट बसत नाही, दात आवळले की कट्ट वाजतो. तो वाजत होता. मग तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि मुठीनं माझ्या तोंडावर मारलं. ओठ दातात फाटला.

"हे माझं," तो म्हणला.

परत मारलं. खुर्चीसकट मागं गेलो. कीबोर्डवर रक्त सांडलं.

"हे अण्णाचं."

मग तो खाली फरशीवरच बसला, भिंतीला टेकून. मीपण तिथंच पडलो होतो.

"मी चप्पल काढली तेव्हा तू कुठं होतास?"

"तुझ्या मागं. तीन हातावर."

"बघत होतास."

"होय."

"लक्ष्मणला मारताना ते पंधरावीस ड्रायव्हर बघत होते तसा."

मी उठून पडलेली खुर्ची उभी केली.

"नाव राहू दे पत्रिकेत," शेवटी तो म्हणला. "आणि अण्णाला सांगायचं कुणी?"

"मी सांगतो. आत्ता जातो घरी."

"घरात जाऊन गुपचूप नाही. जिथं मी चप्पल मारली तिथं. तेवढीच माणसं पाहिजेत."

"बरं."

"तो मारंल तुला. सहा वर्षांचं आहे."

"मारू दे."

"पळालास तर?"

मी शर्टानं तोंड पुसलं आणि त्याच्याकडं सरळ बघितलं. "रविवारी सकाळी अण्णाला मी स्वतः घेऊन येतो चावडीवर," म्हणलो. "सगळे पेपर वाचायला बसले की मधे उभा राहून सांगतो. तो मारून थकेपर्यंत जागचा हलत नाही, बसू. वचन देतो."